यादीतलं सातवं नाव

चिंचवलीच्या इस्रायल आळीत, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या वस्तीत, हनोख दिवेकरांची चूक काढण्याची मुभा एकाच माणसाला होती, आणि त्या माणसाने ती चाळीस वर्षं मनसोक्त वापरली होती. तो म्हणजे शेजारचा अहरोन वाकरूळकर. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या सकाळी हनोख तोरा हा धर्मग्रंथ वाचायला उभे राहिले की अहरोनकाका त्यांच्या उजव्या हाताला, छापील पुस्तक उघडून. कातड्याच्या गुंडाळीत नुसती अक्षरं असतात. स्वर नाहीत, सुरांच्या खुणा नाहीत, वाक्य कुठे संपतं तेही नाही. ते सगळं वाचणाऱ्याने डोक्यात भरून आणायचं. तो कुठे घसरला की शेजारच्याने बरोबर शब्द मोठ्याने सांगायचा, वाचणाऱ्याने मागे जाऊन तो पुन्हा वाचायचा आणि पुढे निघायचं. यात कुणाचा अपमान नसतो.

हनोख म्हणायचे, "वाचणाऱ्याची चूक ऐकून जो गप बसला, तो त्या चुकीचा अर्धा धनी."

"म्हंजे मी गप बसलो असतो तर अर्धी मशीद माझ्याच नावावर झाली असती," अहरोनकाका म्हणायचे. आळीतली जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनाघराला, मशीदच म्हणतात.

हनोखांची मुलगी मिल्का लहानपणी हे ऐकून हसायची. २०४३ साली ती बेचाळीस वर्षांची होती, पुण्याला आवाजाच्या एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होती, आणि चिंचवलीत अकरा पुरुष उरले होते. सामूहिक प्रार्थनेला दहा लागतात. बाकीची आळी इस्रायलला तरी गेली होती, नाहीतर ठाण्याला. अकरा जणांत गुंडाळीतून वाचता येणारे एकटे हनोख. ते थांबले की गुंडाळ्या ठाण्याला जाणार आणि मशिदीला कुलूप लागणार, हे कुणी बोलून दाखवत नसे. पण ठाऊक सगळ्यांना होतं.

हनोखांचा धाकटा भाऊ इस्रायलमध्ये दिमोनाला राहायला गेला तेव्हा त्याला कोकणातल्या चालीची फार आठवण यायची. म्हणून गेली एकतीस वर्षं हनोख दर गुरुवारी दुपारी त्या आठवड्याचा उतारा घरी तालमीला म्हणत आणि तो ध्वनिमुद्रित करून भावाला धाडत. आधी मोबाइलवर, मग बाजारात जे जे येत गेलं त्यावर. शब्बाथला यंत्राला हात लावायचा नाही, म्हणून गुरुवार. भावाने त्यातला एकही आवाज पुसला नव्हता. तोरा वर्षभरात वाचून संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे एकच माणूस, एकच मजकूर, एकच चाल आणि तोच आठवडा, एकतीस वेळा.

"एवढा नेटका साठा जगात कुणाकडे नसेल," असं मिल्काच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. गौतमी उकिडवे म्हणाल्या, आणि ते सगळे आवाज यंत्राकडून मोजून घ्यायचा प्रकल्प उभा राहिला. मिल्काला नुसती चाल जतन करायची होती. आळीची आस वेगळीच होती, आणि ती लावली एलिएझर मास्तरांनी.

मास्तर गणिताचे, निवृत्त. हिब्रूत अक्षर हाच आकडा असतो. त्यामुळे प्रत्येक शब्दाची बेरीज करता येते, आणि ज्यांची बेरीज सारखी ते शब्द एकमेकांचे सगेसोयरे. 'प्रेम' या शब्दाची बेरीज तेरा, 'एक' या शब्दाचीही तेरा. दोन्ही मिळून सव्वीस, आणि सव्वीस ही देवाच्या नावाची बेरीज. म्हणजे दोन माणसं प्रेमाने एक झाली की तिथे देव येऊन बसला, असं मास्तर सांगायचे, आणि हजारदा सांगूनही त्यांचे डोळे पाणवायचे. शब्दाला चार तळ असतात. सगळ्यात वर सरळ अर्थ, खाली सूचना, त्याखाली शोधून काढलेला अर्थ आणि तळाला गूढ. अक्षरांमधली कोरी जागासुद्धा कोरी नाही. तोरा म्हणे काळ्या आगीने पांढऱ्या आगीवर लिहिलेली आहे. काळं आपण वाचतो, पांढरं वाचणारा अजून यायचाय.

"तुझं यंत्र पांढरं वाचेल काय गो?" मास्तरांनी मिल्काला विचारलं होतं.

"मास्तर, ते फक्त आवाज मोजतं."

"आवाज मोजतं आणि दोन आवाजांमधली शांतता नाय मोजत?"

"तीही मोजतं."

"मग झालं तर!" म्हणाले मास्तर, आणि खुशीत घरी गेले.

यंत्र शांतता मोजायचं हे खरंच होतं. माणूस बोलताना थांबतो तो श्वासासाठी, नाहीतर वाक्य संपलं म्हणून. पण मेंदूत विसराचा आजार पाय रोवू लागला की हे थांबे सरकतात. ते वाक्याच्या शेवटी न पडता एखाद्या शब्दाच्या नेमके आधी पडू लागतात, कारण तो शब्द आठवणीच्या कोठारातून बाहेर काढायला मेंदूला तीळभर जास्त वेळ लागतो. हा वेळ सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात मोजावा लागतो. सुरुवातीला तो कानाला कळत नाही. घरचे 'हल्ली विसरतात हो' म्हणू लागतात त्याच्या कितीतरी वर्षं आधी तो वाढायला लागलेला असतो. अडचण एकच, की माणसं रोज वेगळं बोलतात, त्यामुळे कालची शांतता आजच्या शांततेशी ताडून बघता येत नाही. हनोखांच्या बाबतीत ती अडचण नव्हती. यंत्राने एकतीस वर्षांचे गुरुवार एकावर एक ठेवले आणि तेविसाव्या वर्षापासून वर चढत गेलेली एक रेघ काढून दाखवली.

डॉ. उकिडव्यांनी ती रेघ बघितली आणि खुर्ची मिल्काजवळ ओढली.

"वडिलांचं वय?"

"चौऱ्याहत्तर."

"औषध आहे, पण ते पहिल्या पायरीवरच लागू पडतं. ही रेघ ती पायरी ओलांडून गेलीय. तरी घरी सांगायला हवं, मिल्का. त्यांना, आणि जे त्यांच्यावर विसंबून आहेत त्यांना."

"सण आठ दिवसांवर आलाय. सण झाला की सांगते," मिल्का म्हणाली.

चांगलं काम पुढे ढकलायला सणासारखं निमित्त नाही. तोरा संपवून पुन्हा सुरू करण्याचा तो आनंदाचा सण. भर दुपारी आळीतली सगळी माणसं मशिदीच्या अंगणात जमली होती. हनोख गुंडाळी छातीशी धरून नाचत होते, अहरोनकाका त्यांचा तोल जाऊ नये म्हणून कंबरेला हात लावून मागे मागे. मिल्काने बापाचा घामेजलेला, लहान पोरासारखा खूश झालेला चेहरा बघितला. नेमकं तेव्हाच मास्तरांनी गाठलं.

"काय बोललं यंत्र? हनोख मधेच थांबतो हल्ली, शब्दाच्या आधी. मी ध्यान ठेवून ऐकतो. थितं काय दडलंय काय?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. हनोखही.

"हो," मिल्का म्हणाली. "काहीतरी दडलंय तिथे. अजून नीट वाचता येत नाही."

एक अक्षरही खोटं नव्हतं. हेच त्या वाक्याचं पाप. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिने मनाशी म्हटलं आणि पुण्याची बस पकडली.

दर दोन-तीन आठवड्यांनी ती शब्बाथला घरी यायची. बायकांच्या बाजूला, लाकडी जाळीमागे, अहरोनकाकांची बायको नाओमीकाकू तिला शेजारी जागा धरून ठेवायची. नोव्हेंबरात मिल्काच्या लक्षात आलं की अहरोनकाकांनी चुका सांगणं बंद केलंय. हनोख एक अख्खं वाक्य गाळून पुढे गेले. काकांचं बोट पुस्तकातल्या त्या वाक्यावर थांबलं, ओठ हलले, आणि मिटले. मास्तरांनी मान डोलावली. शब्बाथ संपला की मास्तर घरी जाऊन ते वाक्य वहीत लिहायचे, त्याच्या बेरजा करायचे. वही भरत चालली होती. थांब्यांत, गाळलेल्यात गूढ दडलंय असं यंत्रानेच सांगितलंय म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे अख्खी आळी बुडत होती आणि काडी मिल्काने दिली होती.

"बग मिल्के," जेवताना हनोख म्हणाले, "अहरोनाला आता माझी एक चूक घावत नाय. म्हातारपणी वाचन सुधारलं माझं."

मिल्काने घास गिळला. सांगायचं म्हणून ती आली होती. सांगायचं म्हणूनच ती दर वेळी यायची.

फेब्रुवारीत अहरोनकाकांच्या मनगटावरच्या पट्टीने अलिबागच्या डॉक्टरांकडे इशारा पाठवला. हृदयाची एक झडप कडक झाली होती. काम फारसं अवघड राहिलेलं नव्हतं. मांडीतून तार घालून नवी झडप बसवायची, एक रात्र ठेवून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी घरी. पण लवकर करायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. काकांनी मंगळवार ठरवला. सृष्टीच्या गोष्टीत देवाने त्या दिवसाला दोनदा चांगलं म्हटलंय, म्हणून बेने इस्रायलांची शुभकामं मंगळवारी.

त्या मंगळवारच्या आधीच्या शब्बाथला मिल्का चिंचवलीतच होती. तोरा वाचताना आजाऱ्यांची यादी म्हणतात. माणसाचं नाव आणि पुढे त्याच्या आईचं. बापाचं नाही, कारण दयेची याचना आईच्या नावाने करायची. हनोख ती यादी तोंडपाठ म्हणायचे. त्या आठवड्यात सात नावं होती. सातवं, रिव्काचा अहरोन.

हनोखांनी सहा नावं म्हटली आणि थांबले. फार वेळ नाही. पण या वेळी यंत्राची गरज नव्हती. त्यांचा हात उजवीकडे, अहरोनकाकांच्या खांद्यावर होता. त्यांनी खांद्याकडे बघितलं, माणसाकडे बघितलं, आणि यादी तिथेच संपवून 'आमेन' म्हटलं.

नाओमीकाकूने मिल्काचा हात घट्ट धरला. काकांनी ही चूकही सांगितली नाही. स्वतःचं नाव गळालेलं त्यांना कळलं नसेल असं नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला, मग हळूहळू उजळला. मास्तर दोन्ही हात वर करून डोळे मिटून उभे होते.

रविवारी सकाळी नाओमीकाकू दारात आली. नवी साडी, केसांत अबोली.

"मिल्के, दुपारी मालिद्याला ये. एलियाहू हन्नाबीला नवस होता, तो फेडून टाकायचाय."

"कसला नवस?"

"अगो, तुझ्या बापाने यादीतनं नाव काढलं ना यांचं! बरं झालेल्या माणसाचंच नाव काढतात. यांनी अलिबागला फोन करून सांगितलंय, आता मंगळवार नको म्हणून."

 दुपार व्हायची वाट न बघता मिल्का वाकरूळकरांच्या घरी गेली. ओटीवर पाट मांडले होते. ताटात मालिदा, म्हणजे गूळ-खोबऱ्याचे पोहे, पाच फळं, गुलाबाच्या पाकळ्या. मास्तर आणि बाकीचे पुरुष जमले होते, आणि मध्ये हनोख, एलियाहू प्रेषिताच्या नवसाचं गाणं सुरू करायला तयार. गाणी त्यांची अजून शाबूत होती. गाणी सगळ्यांत शेवटी जातात.

"काका, मंगळवार बदलू नका," मिल्का म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय ते करा."

"वरनं सांगणं आल्यावर खालच्या डॉक्टराचं कशाला?"

"वरनं काही आलेलं नाही. बाबा विसरले असतील."

अहरोनकाका खदखदून हसले. त्यांच्या मागोमाग सगळी ओटी हसली.

"हनोख? हनोख मला विसरेल?" काकांनी मित्राच्या पाठीवर थाप मारली. "साठ वर्षं एका आंब्याखाली वाढलो. याच्या लग्नात याच्याआधी मी रडलोय. हा स्वतःचं नाव विसरेल, माझं नाय विसरायचा. काय रे?"

"तुला कसा विसरेन?" म्हणाले हनोख, आणि तेही हसले. ते खरंच बोलत होते. कालची यादी त्यांच्या डोक्यात मुळी उरलीच नव्हती.

मिल्काने तोंड उघडलं. बाबांना आजार आहे, आठ वर्षं झाली, मला सप्टेंबरपासून ठाऊक आहे. तीन वाक्यं. पण ती तीन वाक्यं म्हणजे या ओटीवर, या माणसांसमोर बापाला वेड्यात काढणं. मशिदीला कुलूप घालणं. आणि अंगणात आपण सगळ्यांना फसवलं हे कबूल करणं. मित्र आपल्याला विसरला, यापेक्षा देवाने आपल्याला बरं केलं हे मानणं अहरोनकाकांना किती सोपं होतं, ते तिला दिसत होतं. आणि तिला स्वतःला काय सोपं होतं, तेही.

"निदान एकदा तपासून तरी या," ती म्हणाली.

"येईन, येईन. बस, पोहे घे."

हनोखांनी गाणं सुरू केलं. एकही शब्द चुकला नाही. मिल्काने पोहे घेतले आणि खाल्लेही, आणि त्यांचा गोडवा पुढे कितीतरी दिवस तिच्या जिभेवरून गेला नाही.

सोमवारी पुण्याला गेल्यावर तिने काकांना पत्र लिहायला घेतलं. पहिली ओळ चार वेळा बदलली. अकराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, अहरोन वाकरूळकर मशिदीतल्या दिव्यांत तेल घालायला स्टुलावर चढले आणि तिथून खाली आले ते बोलले नाहीत. मनगटावरची पट्टी बराच वेळ वाजत होती. अलिबागहून गाडी आली तोवर सगळं संपलं होतं. शब्बाथ लागायच्या आत दफन करायला हवं म्हणून घाई झाली. मिल्का पोचली तेव्हा माती लोटून लोक परतत होते.

सात दिवस आळी वाकरूळकरांच्या ओटीवर जमिनीवर बसली. हनोख तिथून हलले नाहीत. कधी हमसून रडायचे, तर कधी नाओमीकाकूला विचारायचे, "अहरोन कुटं गेलाय?" लोक पदराने, बाहीने डोळे पुसायचे. दुःखाने माणूस असंच बोलतो, म्हणायचे. मास्तर आपली वही घेऊन कोपऱ्यात बसलेले असायचे, आणि बेरीज कुठे चुकली ते त्यांना सापडत नव्हतं.

मिल्का सातही दिवस तिथेच होती. भांडी घासली, चहा केला, आल्यागेल्याला पाणी दिलं. जे करायला हवं होतं ते सोडून सगळं केलं.

मग शब्बाथ आला. मशिदीत बरोबर दहा पुरुष होते. हनोखांच्या उजव्या हाताची जागा रिकामी होती; तिथे उभं राहायला कुणी धजावलं नव्हतं. छापील पुस्तक त्या जागी आपलं मिटलेलंच होतं. जाळीमागे नाओमीकाकू पांढऱ्या साडीत मिल्काशेजारी बसली होती. हनोखांनी वाचलं, अडखळले, गाळलं, पुढे गेले. मग आजाऱ्यांची यादी आली. सहा नावं झाली. आणि कसलाही थांबा न घेता, चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या खणखणीत आवाजात, हनोखांनी सातवं नाव म्हटलं. रिव्काचा अहरोन.

मशिदीत कुणी 'आमेन' म्हटलं नाही. मास्तरांनी मान वर करून जाळीकडे, मिल्काकडे बघितलं. नाओमीकाकूची बोटं तिच्या मनगटात रुतली.

"याचा अर्थ काय गो?" ती कुजबुजली. तिच्या डोळ्यांत आशा होती. आठ दिवसांपूर्वी जमिनीत ठेवलेल्या माणसाची आशा. मिल्काला ती बघवेना. "सांग ना. तुझं यंत्र काय म्हणतं याला?"

"काही अर्थ नाही, काकू. तेव्हाही नव्हता," मिल्का म्हणाली. "बाबांना विसराचा आजार आहे. त्या दिवशी ते काकांचं नाव विसरले होते, बस. मला सप्टेंबरपासून ठाऊक होतं."

 काकूने एक-एक बोट सोडवत हात काढून घेतला आणि बाकावर दुसऱ्या टोकाला सरकून बसली.  

मिल्का उभी राहिली. जाळीमागून बायकांनी चूक सांगायची रीत नव्हती. पण सांगणारा आता कुणी उरला नव्हता, आणि ती त्या चुकीची अर्धी धनी होती; अर्धी कसली, पुरती.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "चूक आहे."

हनोख थांबले. रागावले नाहीत, दचकलेही नाहीत. चाळीस वर्षांची सवय होती त्यांना. चूक सांगितली की मागे जायचं आणि पुन्हा म्हणायचं. ते मागे गेले. पहिल्या नावापासून यादी पुन्हा सुरू केली. सहा नावं म्हटली, आणि मग तेच सातवं नाव, तितकंच स्वच्छ, तितक्याच मायेने.

आणि मग उजवीकडे मान वळवून, आता बरोबर आलं का हे अहरोनने सांगावं म्हणून, ते वाट बघत राहिले.